शब्द उसने, आदर घरचा

मे १९९४ मध्ये मनिला शहरात सुश्मिता सेन हिच्या मस्तकी विश्वसुंदरीचा मुकुट चढला आणि त्या शहराचे नाव भारतातील घराघरांत पोहोचले. त्यानंतर आठच महिन्यांनी, जानेवारी १९९५ मध्ये, त्याच शहरात जागतिक युवा दिन साजरा झाला आणि पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी अर्पण केलेल्या समारोपाच्या मिस्सेला लक्षावधींचा समुदाय लोटला. सौंदर्याचा सोहळा आणि भक्तीचा मेळा ह्यांत मनिलावासीयांना विसंगती वाटत नाही. ज्या मुलीने सायंकाळी ओठ रंगविले, तीच मुलगी पहाटे चर्चच्या फरशीवर गुडघे टेकते. ह्या लोकांकडे पाहताना आपल्या मनात जो गोंधळ उडतो, तो बहुधा त्यांच्याविषयीचा नसून आपल्याविषयीचाच असतो. म्हणूनच त्यांच्याविषयी चार शब्द लिहावेसे वाटले.

वसईच्या ख्रिस्ती माणसाला मनिला तसे परके नाही. आपले संत गोन्सालो गार्सिया ह्याच शहरात फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले आणि १५९३ मध्ये पेद्रो बाप्तिस्ता ह्यांच्यासमवेत येथूनच जपानला गेले. ते धर्मगुरू नव्हते, व्रतस्थ बंधू होते. पूर्वी जपानात राहिल्यामुळे तेथील भाषा त्यांना चांगली अवगत होती, म्हणून दुभाषी ह्या नात्याने त्यांना सोबत नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे ते रक्तसाक्षी झाले. ज्या १५९३ साली गोन्सालोंनी मनिला सोडले, त्याच साली त्या शहरात ‘दोक्त्रिना क्रिस्तियाना’ हे धर्मशिक्षणाचे पुस्तक स्पॅनिश व तागालोग भाषांत छापले गेले. तागालोग भाषेसाठी तेथील लोकांची बायबायिन ही लिपीही त्यात वापरली होती. तेवीस वर्षांनी, १६१६ साली, फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात मुद्रित झाले. दोन्ही किनाऱ्यांवर शुभवर्तमान परक्या गलबतातून आले खरे, पण माणसांच्या काळजात उतरण्यासाठी त्याला माणसांचीच बोली धरावी लागली.

आमचा स्वतःचा फिलिपिनो बांधवांशी परिचय झाला तो आखातात. नोकरीनिमित्त काही वर्षे आम्ही तेथील एका धर्मग्रामात होतो. शुक्रवारच्या मिस्सेला मंगळुरी, गोवेकर, मल्याळी, वसईकर आणि फिलिपिनो अशी सारी ख्रिस्तसभा एका छपराखाली गोळा होई. मिस्सा संपल्यावर आपले लोक घराकडे वळत आणि फिलिपिनो तरुण-तरुणी मात्र धर्मगुरूंभोवती जमत, त्यांचा हात हाती घेत आणि त्याची पालथी बाजू आपल्या कपाळाला लावीत. अंगात तंग जीन्स, केसांना तपकिरी रंग, कानांत तीन-तीन रिंगा आणि कपाळावर म्हाताऱ्या धर्मगुरूंचा हात! पुढे त्यांच्यातील एका परिचारिकेच्या कुटुंबाशी आमचा स्नेह जुळला आणि काही वर्षांपूर्वीच्या डिसेंबर महिन्यात मनिलातील तिच्या घरी तीन आठवडे राहण्याचा योग आला.

त्या लोकांच्या बोलण्याविषयी प्रथम सांगितले पाहिजे. सात हजारांहून अधिक बेटांच्या ह्या देशात दीडशेहून अधिक भाषा नांदतात. त्यांच्यावर सव्वातीनशे वर्षे स्पॅनिश राजवटीची पुटे चढली आणि त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षे अमेरिकेची. ‘आम्ही तीनशे वर्षे मठात काढली आणि पन्नास वर्षे हॉलिवूडमध्ये,’ असे ते स्वतःच गमतीने म्हणतात. १९०१ साली ‘थॉमस’ नावाच्या जहाजातून सुमारे पाचशे अमेरिकन शिक्षक मनिलात उतरले आणि इंग्रजी शाळाशाळांतून पोहोचली. १९३७ मध्ये राष्ट्राध्यक्ष मान्वेल केसोन ह्यांनी तागालोगला राष्ट्रभाषेचा पाया म्हणून घोषित केले. १९८७ च्या राज्यघटनेने राष्ट्रभाषेला ‘फिलिपिनो’ हे नाव कायम केले आणि तिच्या जोडीला इंग्रजीलाही राजभाषेचे स्थान दिले.

परंतु राज्यघटनेत ज्या दोन भाषा शेजारी-शेजारी सोवळ्याने बसल्या आहेत, त्या मनिलाच्या रस्त्यावर एकाच ताटात जेवतात. ह्या मिश्र बोलीला ‘टॅग्लिश’ म्हणतात. तागालोगमध्ये क्रियापद घडविण्यासाठी ‘माग’, ‘नाग’ अशी अक्षरे पुढे जोडतात. ही अक्षरे इंग्रजी शब्दाला लावली की तो शब्द तत्क्षणी फिलिपिनो होतो. ‘नाग-टेक्स्ट’ म्हणजे संदेश पाठविला, ‘माग-शॉपिंग’ म्हणजे खरेदी करणे. आपणही हेच करतो. आपल्याकडे जोड मागून लागते इतकाच फरक: फोन करणे, ॲडजस्ट करणे, टेन्शन घेणे. २००४ पासून तेथील भाषातज्ज्ञ अधूनमधून वर्षाचा एक शब्द निवडतात. २००६ साली त्यांनी ‘लोबात’ हा शब्द निवडला. लोबात म्हणजे ‘लो बॅटरी’, मग ती भ्रमणध्वनीची असो वा थकलेल्या माणसाची. २००७ साली निवडला तो ‘मिस्कोल’. आपल्याकडेही पैसे वाचविण्यासाठी मिस्ड कॉल देण्याची रीत गरिबीनेच शिकविली, तेव्हा ह्या शब्दाचा अर्थ वेगळा सांगायला नको.

तरुणांची मौज ह्याहून निराळी. ते शब्द उलटे करून बोलतात. ‘आयडॉल’ शब्दाची इंग्रजी अक्षरे शेवटाकडून वाचली की ‘लोदी’ होते, आणि आवडत्या गायकाला वा खेळाडूला २०१७ च्या सुमारास जो तो लोदी म्हणू लागला. परकीयाशी फार वेळ इंग्रजीत बोलावे लागले की ते हसत ‘नोजब्लीड!’ म्हणतात, म्हणजे ह्या इंग्रजीने आता नाकातून रक्त यायची वेळ आली. असे स्वतःवर हसता येणे हे आम्हाला त्या लोकांचे मोठे बळ वाटते.

ह्या सर्व शब्दांत आमचे लक्ष सर्वाधिक वेधले ते ‘मारितेस’ ह्या शब्दाने. मारितेस हे मारिया तेरेसा ह्या दुहेरी नावाचे लाडके रूप. अलीकडे, विशेषतः २०२० च्या टाळेबंदीनंतर, हा शब्द गावभर कुटाळक्या करीत फिरणाऱ्या बाईसाठी रूढ झाला. ‘मारे, काय ताजी खबर?’ असे विचारणारी ती मारितेस, अशी त्याची गमतीदार फोड लोक करतात. ह्यातला ‘मारे’ आला ‘कुमारे’ शब्दावरून आणि कुमारे आला स्पॅनिश ‘कोमाद्रे’वरून. आपल्या लेकराच्या स्नानसंस्काराला जी धर्ममाता उभी राहते, ती आपली कुमारे. तसाच जो धर्मपिता, तो कुम्पारे. आज मनिलात रिक्षावाला रिक्षावाल्याला ‘पारे’ म्हणून हाक मारतो, त्या हाकेच्या मुळाशी बाप्तिस्म्याचे पाणी आहे.

वसईकर वाचकांना हा शब्द ओळखीचा वाटला असेल. आपल्याकडील सामवेदी ख्रिस्ती समाज स्वतःला कुपारी म्हणवितो, आणि हे नाव पोर्तुगीज ‘कोंपाद्रे’ शब्दापासून आले असे बहुतेक जाणकार मानतात. म्हणजे मनिलाचा पारे आणि वसईचा कुपारी ही एकाच कुळीची नावे. पोर्तुगीज गेले, स्पॅनिश गेले, त्यांच्या तोफा गंजल्या. मागे राहिला तो नात्याचा शब्द. पाव, बटाटा, चावी, इस्त्री, पगार ह्या शब्दांवाचून आपला एक दिवसही जात नाही, आणि ते परके आहेत हे स्वयंपाकघरात कोणाच्या ध्यानीही येत नाही. परक्या शब्दांमुळे भाषा बुडते असे जे आपल्या सभांतून वारंवार सांगितले जाते, ते मनिलाकडे पाहून तरी आम्हाला पटत नाही.

मग भाषेत राखायचे ते काय? ह्या प्रश्नाचे उत्तर तेथे आम्हाला एका एकाक्षरी शब्दात सापडले. तो शब्द ‘पो’. त्याला स्वतंत्र अर्थ नाही. वाक्यात तो घातला की समोरच्याविषयीचा आदर प्रकट होतो, जसा आपल्या ‘जी’मुळे किंवा ‘तुम्ही’मुळे होतो. ‘हो’ म्हणायचे तर वडीलधाऱ्यांना ‘ओपो’ म्हणायचे. रंगीबेरंगी जीपनी गाड्यांत मागे बसलेला उतारू भाडे पुढे देताना ‘बायाद पो’ म्हणतो, मधले प्रवासी ते पैसे हातोहात चालकापर्यंत पोहोचवितात, आणि उतरायचे ठिकाण आले की तो ‘पारा पो’ अशी हाक देतो. ‘पारा’ स्पॅनिश, ‘पो’ तागालोग. गाडी मूळची अमेरिकन लष्कराने मागे टाकलेल्या जीपची लेक. तीन संस्कृतींच्या ह्या खिचडीत चालकाचा मान मात्र अबाधित. चालकाला ‘कूया’ म्हणजे दादा म्हणायचे, दुकानातील मुलीला ‘आते’ म्हणजे ताई. हे दोन्ही शब्द चिनी व्यापाऱ्यांच्या बोलीतून आले. शब्द जगभरचे, पण त्यांना बांधणारा दोरा घरचा.

आम्ही ज्या घरी उतरलो होतो तेथे तीन पिढ्या नांदत होत्या आणि भाषाही तीन. लोला, म्हणजे आजी, मूळची पाम्पांगा प्रांतातील. तिची मायबोली कापाम्पांगान. तिचा मुलगा मनिलात वाढला, त्याची भाषा तागालोग. तो कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करी आणि दिवसा झोपे. त्याची पत्नी आखातात. नऊ वर्षांची नात मात्र अस्खलित इंग्रजी बोले. ती इंग्रजी तिला शाळेने थोडी आणि पडद्याने फार शिकविली होती, कारण पडदा तेवढा तिच्याशी दिवसभर बोलत असे. आईचाही आग्रह होता की मुलीने इंग्रजीच बोलावे. ‘माझी भाषा तिला कोठे नेणार आहे? इंग्रजी असेल तर ती माझ्यापेक्षा बऱ्या देशात जाईल,’ असे तिने आम्हाला आखातात असतानाच सांगितले होते. ज्या देशातील सुमारे वीस लाख माणसे परदेशात राबतात, त्या देशातील आईला भाषेची निवड ही पारपत्राची निवड वाटली तर तिला दोष कोणी द्यावा? वसईतल्या आणि गोव्यातल्या किती आयांनी हाच हिशेब केला आहे!

त्या हिशेबाची किंमत मात्र लोला मोजत होती. नातीला गोष्ट सांगायला बसली की तिला आधी आपली कापाम्पांगान गिळावी लागे, मग तागालोगमधून अडखळत इंग्रजीपर्यंत यावे लागे, आणि तोवर गोष्टीतील राक्षस दमून जाई. एकदा ती आम्हाला म्हणाली, “मला तिला रागवता येते, जेवायला वाढता येते, झोपवता येते. पण माझ्या आईविषयी काही सांगायचे म्हटले की मला शब्द मिळत नाहीत.” ह्यावर आम्हीही काही बोलू शकलो नाही.

परंतु त्याच घरात दररोज सायंकाळी आणखी एक गोष्ट घडे. नात बाहेरून आली की ‘मानो पो’ म्हणत लोलाचा हात आपल्या कपाळाला लावी. मानो म्हणजे स्पॅनिशमध्ये हात. गोव्यात रात्रीच्या जपमाळेनंतर मुले वडीलधाऱ्यांकडे ‘बेसांव’ मागतात, त्याचेच हे भावंड. आईचा फोन आला की पडद्यावर आई दिसे. दोघी इंग्रजीत शाळेविषयी, बुटांविषयी, मांजराविषयी बोलत. बोलणे संपताना आई आपला हात पडद्याजवळ आणी आणि मुलगी फोन उचलून कपाळाला लावी. तेव्हा ती इंग्रजी बोलत नसे. ‘मानो पो’ एवढेच म्हणे.

ह्यावरून ‘पो’ शिल्लक आहे म्हणजे सारे आलबेल आहे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. सेबुआनो भाषेत ‘पो’ हा शब्दच नाही. ती माणसे आदर दाखवितात तो स्वरातून आणि अन्य शब्दांतून. तरीही विसायस बेटांवरून पोट भरायला आलेल्या मोलकरणीला मनिलाकर उद्धट ठरवितात आणि तिच्या हेलाची चित्रपटांतून टर उडवितात. आदराचा शब्ददेखील अशा रीतीने अनादराची काठी होऊ शकतो. येथेच आम्ही आमच्या मुख्य मुद्द्याशी येतो. भाषेला आणि समाजाला खरी कीड लागते ती उसन्या शब्दांनी नव्हे, तिरस्काराने.

ह्या तिरस्काराचा इतिहास कपड्यांतून चांगला वाचता येतो. ‘बाक्या’ म्हणजे गरीब स्त्रिया वापरीत ती लाकडी पादत्राणे. पुढे चित्रपटगृहातील स्वस्त तिकिटांच्या प्रेक्षकाला ‘बाक्या’ म्हणू लागले, आणि मग जे जे गावंढळ ते ते बाक्या झाले. पायातील वस्तू माणसाच्या कपाळी चिकटली. उलट ‘सोस्याल’ हा शब्द पाहा. मूळ अर्थ सामाजिक, पण मनिलात सोस्याल म्हणजे उंची, श्रीमंती थाटाचा. समाज ह्या शब्दातून गरीब माणूसच वजा झाला! २०१० साली ‘जेजेमोन’ हा वर्षाचा शब्द ठरला. भ्रमणध्वनीवर चित्रविचित्र स्पेलिंग करणाऱ्या, रंगीत टोप्या घालणाऱ्या तरुणांना ते नाव मिळाले आणि शिकलेल्यांनी त्यांची यथेच्छ चेष्टा केली. श्रीमंत शाळांतील मुले तागालोग व इंग्रजीची याहून मोठी मोडतोड करतात. तिची थट्टा होते खरी, पण तिच्यामुळे कोणाला नोकरी नाकारली जात नाही.

कपड्यांची दुसरी बाजूही आहे. अननसाच्या पानांच्या तंतूंपासून विणलेल्या झिरझिरीत पिन्या कापडावर भरतकाम करून पुरुषांचा ‘बारोंग’ हा सदरा शिवतात. १९५३ च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष रामोन मॅगसेसे ह्यांनी शपथविधीला कोट-टाय न घालता बारोंग घातला आणि तो सदरा राष्ट्राच्या मानाचा झाला. आकलान प्रांतातील पिन्या विणकामाला २०२३ मध्ये युनेस्कोच्या वारसायादीत स्थान मिळाले. आज लग्नात नवरदेव बारोंग घालतो, एरवी मनिलाचा तरुण ‘उकाय-उकाय’मध्ये दिसतो. उकाय-उकाय म्हणजे परदेशातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग उपसून खरेदी करण्याची दुकाने. असे कपडे व्यापारासाठी आयात करण्यास १९६६ च्या कायद्याने बंदी आहे, तरीही बागियोपासून मनिलापर्यंत ही दुकाने भरभरून वाहतात. पूर्वी तेथे जाणे गरिबीची खूण होती. आता सधन मुलेही हौसेने जातात आणि कोरियन मालिकांतील नट-नट्यांसारखा पेहराव जुळवितात. आपल्या कुपारी आजीचे लाल लुगडे आठवावे. एके काळी ते नेसून शहरात जायला सुनांना संकोच वाटे. आता नाती तेच नेसून लग्नसमारंभात छायाचित्रे काढून घेतात. आनंदच आहे. फक्त लुगड्याला जो मान दिला तो लुगडे नेसणारीच्या बोलीलाही मिळावा.

बोलीवरून माणूस ओळखण्याची आणि त्याला लाजविण्याची रीत प्राचीन आहे. महायाजकाच्या अंगणात शेकोटीपाशी उभ्या असलेल्या पेत्राला लोकांनी त्याच्या गालिली हेलावरूनच पकडले होते. मनिलाच्या कॉल सेंटरमधून दहा लाखांहून अधिक माणसे रात्रभर अमेरिकेशी बोलतात, आणि तेथे शिरण्यापूर्वी प्रथम आपला हेल झाकायला शिकतात. लोलाचा मुलगा रात्री एका आवाजात बोले आणि घरी दुसऱ्या. ‘घरी आलो की चपलांबरोबर तो आवाजही बाहेर काढून ठेवतो,’ असे तो हसून म्हणे.

ह्याच रात्रपाळीच्या माणसांत आम्ही एक सुंदर गोष्ट पाहिली. १६ ते २४ डिसेंबर असे नऊ दिवस तेथे पहाटे ‘सिंबांग गाबी’ ही मिस्सा होते. शेतावर जाण्यापूर्वी शेतकऱ्यांना येता यावे म्हणून स्पॅनिश काळात ती अंधारातच ठेवीत, असे सांगतात. आता शहरात शेतकरी नाहीत. पण पहाटे चारच्या सुमारास चर्चबाहेर रांग लागते आणि तिच्यात गळ्यात कंपनीचे ओळखपत्र अडकविलेले कॉल सेंटरचे कामगार उभे असतात, नुकतीच पाळी संपवून आलेले. मिस्सा झाली की दाराशी केळीच्या पानावर भाजलेली बिबिंका, म्हणजे तांदळाची गोड भाकरी, खाऊन ते घरी जाऊन झोपतात. नांगर गेला, संगणक आला, पण त्यांच्यासाठी पहाटेची वेळ जणू राखून ठेवलेली होती. मोठ्या बाजारसंकुलांतूनही तेथे मिस्सा होतात. खरेदीच्या पिशव्या पायाशी ठेवून लोक प्रार्थना करतात, आणि अनेक चर्चच्या दारांवर पोशाखाविषयी सूचनाही लावलेल्या असतात. आपल्याकडच्या धर्मग्रामसभेत जे वाद रंगतात ते तेथेही रंगतात. मात्र कोणाच्या फाटक्या जीन्समुळे त्याला मानो नाकारलेला आम्ही पाहिला नाही.

आता भाषेच्या शाळेतील हालहवालाविषयी. फिलिपिन्सने २०१३ च्या कायद्याने लहान मुलांना आरंभीची इयत्ता मायबोलीतून शिकविण्याचे धोरण पक्के केले होते. पुस्तके अपुरी, शिक्षक अप्रशिक्षित आणि एकेका वर्गात अनेक बोली अशा अडचणी आल्या, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये नव्या कायद्याने हे बंधन काढून टाकले. माध्यम पुन्हा फिलिपिनो व इंग्रजी झाले. प्रादेशिक बोली साहाय्यक म्हणून राहिल्या आणि जेथे वर्गातील सर्व मुले एकच बोली बोलतात तेथे तेवढी मुभा राहिली. म्हणजे लोलाच्या कापाम्पांगानला आता शाळेचा भक्कम आधार नाही. दुसरीकडे, २०१८ मध्ये पुढे आलेला ‘एसबी१९’ हा तरुण गायकांचा चमू कोरियन धाटणीच्या कपड्यांत आणि नृत्यात, पण मुख्यतः तागालोगमध्ये गातो. आई-वडिलांवर त्यांनी २०२१ मध्ये गायिलेले ‘मापा’ हे गीत घराघरांत पोहोचले. शाळेने जे सोडले ते काही अंशी गाण्याने उचलले. परंतु कापाम्पांगानसाठी, किंवा आपल्या सामवेदीसाठी आणि वाडवळीसाठी, असे गायक येतीलच असे नाही. लहान बोलीला शाळा, बाजार आणि नाट्यगृह ह्यांपैकी कोणाचीच खात्री देता येत नाही. तिला घर लागते, आणि घरात तिच्यात सांगण्यासारखे काहीतरी लागते.

वसईतही आता असे घर दुर्मीळ राहिलेले नाही, जेथे आजी बोलीत बोलते, आई मराठीत आणि नातू इंग्रजीत उत्तर देतो. मुलांना इंग्रजी शाळेतून काढा असे सांगण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. जी भाकर देते ती भाषा तुच्छ मानणे हाही एक प्रकारचा गर्वच. आमचे म्हणणे एवढेच की, मुलाने आजीला इंग्रजीत उत्तर दिले तर आपण कौतुकाने हसतो आणि आजीने शेजाऱ्यांसमोर बोलीतला शब्द उच्चारला तर आपण अवघडतो. हे अवघडणे थांबले पाहिजे. पेंटेकॉस्टच्या दिवशी पवित्र आत्म्याने सर्वांना एक भाषा दिली नाही. प्रत्येकाला आपापल्या बोलीत ऐकू आले. गोन्सालोंचे दुभाषीपण त्याच कुळीचे होते: स्वतःची वसई न विसरता दुसऱ्याच्या भाषेत त्याच्यासाठी उभे राहणे.

म्हणून येत्या नाताळसाठी आपल्या धर्मग्रामांना एक सूचना कराविशी वाटते. मध्यरात्रीच्या मिस्सेत एक वाचन ज्यांच्या मराठीला अजून वाडीचा हेल आहे अशा एखाद्या आजोबांना द्यावे. ते उच्चारात अडखळले तर कोणी मागे वळून पाहू नये. त्यांची इंग्रजी शाळेत जाणारी नात शेजारी उभी राहून दुसरे वाचन करील, आणि जागेवर परतताना तिने आजोबांचा हात धरला तर तो त्यांना आधार देण्यासाठी आहे की त्यांच्याकडून आशीर्वाद घेण्यासाठी, हे विचारण्याची कोणास गरज पडू नये.